केझायाच्या गळ्याची पेटी

जेबेझ थर्केलला पेटी वाजवता येत नव्हती. हे ऐकून लोक हसायचे आणि तो त्यांना खुशाल हसू द्यायचा. लंडनला क्लार्कनवेलमधल्या त्याच्या दोन खोल्यांच्या कारखान्यातून निघालेल्या कॉन्सर्टिना, म्हणजे हातात धरून वाजवायच्या पेट्या, हॉक्स्टनच्या नाचगाण्याच्या हॉलांत वाजल्या, लिव्हरपूलच्या धक्क्यावर वाजल्या, जहाजांतून पार ऑस्ट्रेलियाला गेल्या. पण त्यानं स्वतः पेटी हातात घेतली की खालून वर आणि वरून खाली, एवढे सूर काढून तो ती परत खोक्यात ठेवायचा.

"मी दरवाजे बनवतो," तो म्हणायचा. "आत जाऊन नाचायचं काम तुमचं."

तशी ती पेटी दिसायला केवढीशी. सहा कोनांची, दोन्ही हातांच्या मध्ये सहज मावणारी. दोन्ही टोकांना बटणं आणि मध्ये पुठ्ठ्याच्या नि मऊ चामड्याच्या घड्यांचा भाता. पण बटणांच्या मागे, आत, लाकडी तबकड्यांवर पोलादाच्या पातळ पट्ट्या बसवलेल्या असतात, आणि पेटी गाते ती त्या पट्ट्यांतून. जेबेझचा सगळा जन्म त्या पट्ट्यांवर गेला. पट्टी बुडाशी घासली की सूर उतरतो, टोकाशी घासली की चढतो. घासायचं ते इतकं कमी की कानशीवर पडलेली धूळ फुंकरीनंही उडून जाईल. आणि एकदा उडालेलं पोलाद परत मिळत नाही. हे त्याला त्याच्या पहिल्या उस्तादानं कान पिळून शिकवलं होतं, त्यामुळे त्याचा उजवा कान डाव्यापेक्षा लांब आहे असं तो गंभीर चेहऱ्यानं सांगायचा.

तरुणपणी तो एका मोठ्या कारखान्यात सूर लावायला होता. खालच्या मजल्यावर बायका भाते घडवायच्या, वरच्या मजल्यावर सूर लावणारे बसायचे. सूर नादकाट्याशी ताडून लावताना वर चिडीचूप लागायचं. पण खालून एका मुलीचं गाणं यायचं. पुठ्ठा कापता कापता ती गायची, कोणी ऐकत असेल याची फिकीर न करता, आणि पुठ्ठा कापणाऱ्या पातीच्या प्रत्येक ठोक्याला गाण्यात एक हिसका द्यायची.

एके दिवशी मुकादम वर येऊन म्हणाला, "थर्केल, त्या पोरीचं तोंड बंद करू का? तुमचा नादकाटा ऐकू येत नसेल."

"नादकाटा रोजच ऐकतो," जेबेझ म्हणाला. "तिला राहू द्या."

तिचं नाव केझाया. उजव्या हाताची करंगळी अर्धीच होती तिची. पुठ्ठ्याच्या पातीखाली गेली होती. विचारलं की म्हणायची, "मालकांच्या एका भात्यात आहे. कुठल्या लॉर्डाच्या दिवाणखान्यात वाजत असेल आता."

अशा मुलीवर जीव जडायला वेळ लागत नाही. जेबेझला तर अजिबात लागला नाही. वेळ लागला तो तिला सांगायला. तेवढ्यात ती कारखाना सोडून हॉक्स्टनच्या एका हॉलमध्ये गाऊ लागली होती. सोबत लव्हिनिया प्रुएट नावाची एक धिप्पाड, तोंडाळ, मनाची मोकळी मुलगी; तिला सगळे व्हिनी म्हणायचे. व्हिनीनं आधी येऊन लोकांना हसवायचं, टोपी फेकायची, पहिल्या रांगेतल्या टकल्यांची नावं घ्यायची. आणि लोक हसून हसून दमले की केझायानं येऊन एक गाणं म्हणायचं. तिला हाताशी एक पेटी हवी होती. विकत घ्यायची ऐपत नव्हती.

कारखान्यानं बाद केलेला एक सांगाडा जेबेझनं मुकादमाच्या डोळ्यांदेखत उचलून आणला. भाता नवा केला. उजव्या बाजूला करंगळी टेकवायला पितळेचा एक टेकू असतो; तो तिच्या अर्ध्या करंगळीला पोचेना, म्हणून त्यानं तो उपटून अंगठ्याच्या बाजूला अर्धा इंच आत बसवला आणि जुन्या स्क्रूंची भोकं लाकडाच्या खुंट्या ठोकून बुजवली. मग राहिले सूर. ते त्यानं तिच्या आईच्या स्वयंपाकघरात बसून लावले, रविवारच्या दुपारी, मटणाच्या रश्श्याच्या वासात. ती कोबी चिरता चिरता एक सूर धरायची आणि तो घासायचा.

"तुझा हा सूर खाली आहे," तो म्हणाला.

"मग पेटीचा खाली कर."

"सगळ्या जगाचा वर आहे, केझाया."

"सगळ्या जगाबरोबर थोडंच गायचंय मला? आणि माझा गळा काही कानशीनं घासता यायचा नाही, जेबेझ थर्केल. जे घासता येतं ते घास."

त्यानं घासलं. एकेक सूर तिच्या गळ्याला लावला. कुठे केसभर खाली, कुठे किंचित वर, जसा तिच्या तोंडून येत होता तसा. झाली ती पेटी सूर लावायच्या जुन्या पद्धतीची नव्हती आणि नव्याचीही नव्हती. ती फक्त एका माणसाच्या गळ्याशी जुळणारी होती. हॉलच्या बँडचा म्होरक्या ती ऐकून म्हणाला, की हिच्याबरोबर वाजवणं म्हणजे एक पाय नावेत आणि एक धक्क्यावर. मग केझायाच्या गाण्याला बँडनं वाद्यं मांडीवर ठेवून द्यायची असं ठरलं. त्यामुळे फार मोठी गोष्ट घडली. ढोल, कर्णे, झांजा सगळं थांबायचं, आणि त्या शांततेत तो एक गळा आणि ती एक पेटी, दोन्हींतलं कुठलं कुठे संपतं ते कळू नये अशी. ईल माशांच्या पाईचे घास तोंडाकडे नेता नेता लोकांचे हात थांबायचे. मागच्या बाकांवरचे खलाशी टोप्या काढायचे. जेबेझ वरच्या सज्जात उभा राहून हे सगळं बघायचा आणि घरी जाताना तिला म्हणायचा, "चौथा सूर अजून थोडा उतरवायला हवा."

लग्न झालं. जेबेझनं कारखाना सोडला, क्लार्कनवेलमध्ये दोन खोल्या घेतल्या. डॉर्कस झाली. आणि डॉर्कस दोन वर्षांची असताना केझायाच्या छातीत धुक्यानं घर केलं. लंडनमध्ये असं पुष्कळांचं होतं. पण ज्याच्या घरात होतं त्याला वाटतं की हे फक्त आपल्याच घरात झालं.

शेवटच्या हिवाळ्यात तिनं व्हिनीला बोलावून पेटी तिच्या हवाली केली. जेबेझ बाहेर कोळसा आणायला गेला होता. परत आला तर पेटीचं खोकं जागेवर नव्हतं.

"व्हिनी वाजवेल ती," केझाया म्हणाली. तिला आता थांबत थांबत बोलावं लागे. "घरात ठेवली तर तू तिच्यासमोर बसून राहशील. मला माहीत आहे तू कसा आहेस. पोरीला जेवू घालायचंय, जेबेझ."

त्यानं कोळसा शेगडीत रचला. बोलला तो तिला पुरल्यावर, कबरस्तानाच्या फाटकाशी, आणि ते सगळं व्हिनीला. चोर म्हणाला. गिधाड म्हणाला. व्हिनीनं ऐकून घेतलं. तिच्याकडे कुठल्याही टोमण्याला दोन टोमणे तयार असायचे, पण त्या दिवशी तिनं एकच वाक्य म्हटलं, "तिनं दिली, थर्केल, मी मागितली नव्हती." मग ती एका फिरत्या कंपनीबरोबर उत्तरेकडे निघून गेली आणि तिथून अमेरिकेला.

डॉर्कस मोठी झाली ती आईचा फोटो नसलेल्या घरात. काढू काढू म्हणता राहूनच गेला होता. शेजारच्या पोरींकडे निदान चौकटीत बसवलेल्या आया होत्या. डॉर्कस विचारायची, आई कशी होती, आणि जेबेझ सांगायचा. नाक तुझ्यासारखं. केस माझ्यापेक्षा बरे. हसली की खोकल्यासारखी हसायची. पण आवाज कसा होता, हे विचारलं की तो अडायचा. ज्याला सुरांशिवाय दुसरं काही कळत नव्हतं त्या माणसाला तेवढंच सांगता येत नव्हतं.

"तो पेटीत आहे," तो म्हणायचा. "पेटी एक ना एक दिवस परत येईल. तेव्हा ऐक. आईच ऐकलीस असं समज."

"पण ती तीच आहे हे कसं कळेल, बाबा?"

"एका सुरात कळेल. भरल्या बाजारात, माशांच्या लिलावात कुणी एक बटण दाबलं तरी मी ओळखीन."

हे तो नुसतं बोलायचा असं नाही. हॉलांच्या मागच्या दारांशी जाऊन विचारायचा, लव्हिनिया प्रुएट कुठे असते, अर्ध्या करंगळीची पेटी कुणी पाहिली का. दारवान त्याला ओळखू लागले होते. "आला करंगळीवाला," म्हणायचे. ही करंगळीची गोष्ट मात्र त्यानं लेकीला कधी सांगितली नव्हती. गळ्याच्या गोष्टीत तिला जागाच उरली नव्हती.

वर्षं गेली. जेबेझच्या दाढीला पांढऱ्या सुतासारखा रंग आला. डॉर्कस कामात बापाच्या बरोबरीची झाली. भाते, बटणं, पट्टे, स्क्रू सगळं तिचं, सूर त्याचे. धंदाही बदलला. आता हॉलांत मोठे बँड, आणि बँडला सगळ्यांचे सूर एकाच मापाचे हवेत. पूर्वी काही सूर गोड असायचे आणि काही कडू; आता सगळेच जरा जरा बिघडवून सारखे करायचे, म्हणजे कुठूनही वाजवा, चालतं. लोकांनी माळ्यांवरच्या जुन्या पेट्या काढून नव्या मापात लावायला दिल्या. स्टेपनीचा एक दुकानदार तर अशा पेट्यांची टोपलीच पाठवायचा. डॉर्कस त्या उघडायची, टोकं आणि भाते आपल्या बाजूला ठेवायची आणि नुसत्या पट्ट्यांच्या तबकड्या बापाच्या बाकावर रचायची. तो एकेक तबकडी लहान भात्यावर चढवायचा, नादकाटा ठोकायचा, पट्टी वाजवायचा, घासायचा. पुढची. पुढची.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्यानं एक तबकडी चढवली आणि पहिल्याच पट्टीला तोंड वाकडं केलं.

"हे कुणी लावलंय? कानात मेणबत्ती खोचून बसला होता का गाढव?"

डॉर्कसनं चामडं कातरता कातरता मान वर केली. "एवढं वाईट?"

"वाईटालाही काही शिस्त असते. हा पाहा, हा खाली. हा त्याच्याहून खाली. आणि हा बघ, बिनकामाचा वर चढून बसलाय, सासूसारखा."

"मांजरीला विचारून लावले असतील."

"मांजर परवडली. निदान एका जागी ओरडते."

दोघं हसली. त्या दिवशी त्याचा हात फार छान चालत होता. दुपारच्या पाव-चीजपर्यंत दोन्ही तबकड्या झाल्या. कुठे कुठे एखादी पट्टी नादकाट्याशी तंतोतंत जुळत होती, ती त्यानं सोडून दिली. बाकी सगळ्या ठाकठीक मापात आणल्या. डॉर्कसनं तबकड्या उचलून आपल्या बाजूला नेल्या, भात्यात बसवल्या, टोकं लावायला घेतली.

"बाबा," ती म्हणाली, "ह्या मांजरीच्या पेटीचा करंगळीचा टेकूपण वाकडा बसवलाय कुणीतरी. पार आत. जुनी भोकं खुंट्या मारून बुजवलीत. मूळच्या जागी नेऊ का?"

जेबेझ पावाचा तुकडा बाकावर ठेवून उठला.

त्यानं ते टोक तिच्या हातातून घेतलं आणि खिडकीशी नेलं. खुंट्यांवरून अंगठा फिरवला. मग तिथेच, चामड्याच्या ढिगावर, बसला. 

"काय झालं? कुणाची आहे?"

"तुझ्या आईची."

डॉर्कसच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्याला बघवेना. इतकी वर्षं ती लहान मुलीसारखी वाट बघत होती आणि त्यालाच ते माहीत नव्हतं. तिनं चारदोन स्क्रू पिळले, पेटी मांडीवर घेतली, भाता उघडला आणि बटणं दाबली. एक. दुसरं. मग तीन एकत्र. बापापेक्षा ती बरी वाजवायची.

तिचा हात थांबला. तिनं पुन्हा तीच बटणं दाबली, डोकं एका बाजूला कलवून.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "ही तर बाकीच्यांसारखीच आहे."

मग तिला कळलं. ती सूर लावणाऱ्याची मुलगी होती, तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिनं भाता मिटला, पेटी मांडीवर तशीच धरून ठेवली आणि बाकावरच्या पोलादाच्या धुळीकडे बघत राहिली.

जेबेझला त्या दुपारी सगळ्यात जास्त काय लागलं, ते त्यानं तिला सांगितलं नाही. पोलाद गेलं, ते गेलंच. पण ते घासण्याआधी त्यानं ऐकलं होतं. एकेक सूर ऐकला होता. तिच्या आईच्या स्वयंपाकघरातला, कोबी चिरतानाचा, खलाशांच्या टोप्या उतरवणारा. सगळी केझाया त्याच्या कानावरून पहिल्यापासून शेवटपर्यंत गेली आणि त्यानं ओळखली नाही. सूर लावणारा माणूस सूर ऐकतच नाही. सूर नादकाट्याशी कुठे भांडतो तेवढं ऐकतो आणि भांडण मिटवतो. तिच्या प्रत्येक सुराला त्यानं नावं ठेवली होती. न घासता सोडले ते तेवढेच, जिथे तिचा गळा आणि सगळ्या जगाचा गळा सारखाच होता. म्हणजे पेटीत आता जे जुनं उरलं होतं त्यात तिचं असं काहीच नव्हतं.

संध्याकाळी डॉर्कसनं विचारलं, "परत लावता येणार नाही? पट्ट्यांत अजून पोलाद आहे."

"पोलाद आहे. पण कुठे नेऊन ठेवू? मी लिहून ठेवलं नव्हतं. तिनं गायचं आणि मी घासायचं, असं होतं ते."

"तुम्हाला आठवत नाही?"

त्यानं मान हलवली. "आठवतं असं वाटत होतं. इतकी वर्षं वाटत होतं. आज सकाळी कळलं की आठवत नाही."

डॉर्कसनं दिव्याची वात वर केली. मग तीच म्हणाली, "दुसरं कोणी ऐकलं होतं? रोजच्या रोज?"

स्टेपनीच्या दुकानदाराकडून पत्ता मिळाला. पेटी टिली प्रुएट नावाच्या मुलीनं दिली होती, ती एका बँडमध्ये वाजवते, आणि ती राहते तिच्या आत्याकडे, लॅम्बेथला, एका खाणावळीच्या वरती.

रविवारी बापलेक गेली. टिली बाहेर गेली होती. तिची आत्या, अमेरिकेहून परतलेली व्हिनी, खिडकीशी खुर्चीत बसली होती. पूर्वीची धिप्पाड व्हिनी आता खुर्चीच्या मापाची झाली होती, गुडघे शालीत गुंडाळलेले, पण डोक्यावर पीस खोचलेली टोपी होती आणि गालांना लाली.

"थर्केल," ती त्याला बघून म्हणाली. "तू मेलास असं मला कार्डिफमध्ये कुणीतरी सांगितलं. मी एक पेला प्यायले तुझ्या नावानं. आता तो परत कसा करायचा?"

"राहू दे. लवकरच लागू पडेल."

"आणि ही कोण? नको, सांगू नकोस." तिनं डॉर्कसला जवळ बोलावलं, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि नीट न्याहाळलं. "नाक तेच," ती शेवटी म्हणाली. "बाकीचं तुझ्या बापानं बिघडवलंय. बस, पोरी."

फाटकाशी झालेलं भांडण कुणी काढलं नाही. जेबेझनं टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर पेटी ठेवली, आणि काय झालं ते सांगितलं. काही लपवलं नाही; मांजरीचं आणि गाढवाचंही सांगितलं. व्हिनीनं डोळे मिटून ऐकलं.

"टिलीला बँडमध्ये घेत नव्हते ह्या पेटीवरून," ती म्हणाली. "मी म्हटलं, थर्केल मेला, आता कुणाला सोयरसुतक. लावून घे. माझ्याच तोंडानं म्हटलं मी."

"तू रोज ऐकलीस, व्हिनी. चार हात अंतरावर उभी राहून, तीन वर्षं."

"रोज. शनिवारी दोनदा."

"मग मला फक्त सांग. मी एकेक पट्टी वाजवतो. खाली की वर, एवढंच सांग. बाकीचं मी करतो."

डॉर्कस व्हिनीच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि व्हिनीनं ते पाहिलं. ती खुर्चीत ताठ झाली. हॉलच्या पडद्याआड उभी राहून आपलं नाव पुकारलं जाण्याची वाट बघताना होत असेल तशी.

"न आठवायला काय झालं?" ती म्हणाली. "माझ्या कानात बसलाय तो. घे तुझं हत्यार."

जेबेझनं पेटी उघडली. पहिली तबकडी सोबत आणलेल्या लहान भात्यावर चढवली. भाता डॉर्कसनं धरला. पट्टीनं सूर धरला, खोलीभर पसरला.

"खाली," व्हिनी म्हणाली. "पुष्कळ खाली होता तो."

त्यानं बुडाशी दोनदा कानस फिरवली. एका मऊ ब्रशनं डॉर्कसनं धूळ झटकली, नाहीतर पट्टी अडकते आणि खरखरते. पुन्हा वाजवलं.

"अजून खाली."

पुन्हा घासलं, झटकलं, वाजवलं. व्हिनीनं कपाळाला आठ्या घातल्या. ती स्वतःशी एक ओळ गुणगुणली; गळा फाटलेला होता, त्या ओळीतले सूर कुठे होते आणि कुठे नव्हते ते तिचं तिलाही कळलं नसतं.

"नाही रे. जास्त झालं. वर ने. पार वर."

जेबेझनं तिच्याकडे पाहिलं. ज्या जागेला ती आता वर म्हणत होती, तिथून तर त्यांनी सुरुवात केली होती आणि तिला ती जागा फार उंच वाटली होती. त्याला समजलं. तिला टोप्या आठवत होत्या, टाळ्या आठवत होत्या, केझायाच्या बुटांचं तुटलेलं बक्कल आठवत असेल. सूर आठवत नव्हता. आणि ती डॉर्कससमोर हे कबूल करायची नाही, जीव गेला तरी. हे असंच चाललं तर प्रत्येक पट्टी खाली-वर, खाली-वर होत कागदासारखी पातळ होणार आणि पेटी कुणाच्याच कामाची राहणार नव्हती. टिलीच्याही नाही.

त्यानं ती पट्टी वर आणली, पूर्वीच्या जागी, आणि दुसरी घेतली.

"खाली," व्हिनी म्हणाली.

जेबेझनं कानस पट्टीच्या बुडावर टेकवली आणि नुसती फिरवली. भार दिला नाही. कानस पोलादावरून गेली ती पाखराची सावली जावी तशी. मग त्यानं हात मागे घेतला.

डॉर्कसनं भाता दाबला. तोच सूर, आधी होता तोच, तंतोतंत.

"हां," व्हिनी म्हणाली. तिचे डोळे मिटलेले होते आणि पापण्यांखालून पाणी येऊन गालांवरच्या लालीत ओघळ पाडत होतं. "हा. हाच. अगदी हाच, पोरी. ऐकलास?"

"ऐकला," डॉर्कस म्हणाली.

"अशी होती तुझी आई."

जेबेझनं पुढची पट्टी वाजवली. व्हिनीनं वर सांगितलं. त्यानं कानस टोकाशी नेली आणि हवेसारखी फिरवली. त्याला लेकीकडे बघायचा धीर होत नव्हता. लहानपणापासून ती त्याच्या बाकाशी वाढली होती. कानस चावते तेव्हा कसा आवाज येतो आणि चावत नाही तेव्हा कसा येत नाही, हे तिच्याइतकं लंडनमध्ये कुणाला माहीत नव्हतं. तबकडीखाली पांढरा कागद होता, वर्तमानपत्राचा कोरा कोपरा, आणि त्यावर पहिल्या पट्टीनंतर धुळीचा एक कणही पडला नव्हता.

तिचा हात पुढे आला. तिनं ब्रश उचलला आणि जिथे काहीच नव्हतं तिथून अलगद, नेहमीसारखी, धूळ झटकली.

मग तिनं भाता दाबला. व्हिनी म्हणाली, "हाच."

"पुढची घ्या, बाबा," डॉर्कस म्हणाली, आणि जेबेझनं पुढची घेतली.